भवानीची टेप

माणिकपूरच्या रिक्षा स्टँडसमोर, पाववाल्याच्या वरच्या मजल्यावर कल्पेशचा 'हेमांगी व्हिडिओ' होता. दुकानाला बायकोचं नाव दिल्यामुळे बायको खूश आहे, अशी त्याची समजूत होती. हेमांगीचं म्हणणं वेगळं होतं. "कॅसेट उशिरा दिली की लोक तुम्हाला नाही, मला शिव्या घालतात. 'ही हेमांगी कधी देणार?' म्हणतात."

कल्पेश लग्नांचं शूटिंग करायचा. आचोळ्यापासून खाडीकडच्या गावांपर्यंत त्याच्या कॅमेऱ्यापुढे कितीतरी नवरे घामाघूम झाले होते. पण त्याचं खरं नाव होतं ते शूटिंगनंतरच्या करामतींमुळे. त्याच्या हाताखालून नवरी कमळातून उगवायची, नवरा गुलाबाच्या पाकळ्या होऊन उडून जायचा आणि मामालोक गिरक्या घेत दिसेनासे व्हायचे. या सगळ्यामागे सिनेमाची गाणी. खरा आवाज पुसायचा, हा धंद्यातला पहिला नियम. लग्नातला खरा आवाज म्हणजे तरी काय? जनरेटरची घरघर, टोपांची आदळआपट आणि "आइस्क्रीम संपलं का हो?" तेव्हा कल्पेशच्या कॅसेटमध्ये भटजींनी मंत्रासाठी तोंड उघडलं, की आतून थेट हिरॉईन गायची. गिऱ्हाईक खूश.

या नियमातून त्याने आईलाही सूट दिली नव्हती. त्याची आई, कमळीबाई, धवलारीण होती. खाडीकडच्या गावांत लग्नाच्या प्रत्येक विधीला धवले गाणारी बाई लागते; ती गायल्याशिवाय नवरीला हळद चढत नाही. कमळीबाई ओळ उचलायची आणि तिची जोडीदारीण हिरू मावशी ती मागून झेलायची. दोघींनी मिळून आसपासचे अर्धे संसार उभे करून दिले होते. कल्पेश त्यांच्यापुढे कॅमेरा घेऊन उभा असायचा, आणि दुकानात येऊन तोच आवाज पुसायचा.

कॅसेट बघताना कमळीबाई पदर तोंडाला लावून हसायची. "बघ गो हेमांगी, त्वांड माजं न् आवाज कोन्या बाप्याचा! अरे कल्पा, तुज्या पेटीत आयचा आवाज मावत नाय काय रं?"

"आये, लोकांना गाणी लागतात."

"मंग मी तिथं काय भांडी घासते?"

ती गेल्या साली गेली. घशात गाठ होती. वर्षश्राद्ध जवळ आलं तशा गावातल्या बायका कल्पेशला म्हणाल्या, "जेवनं झाली की कमळीचे धवले लाव रं. तुज्याकडं तर ढीग आसंल."

"आहे की," कल्पेश म्हणाला आणि दुकानात आला.

ढीग खरंच होता. भिंतभर कॅसेट. प्रत्येकीत आई होती आणि प्रत्येकीत तिच्या तोंडून सिनेमातलं कुणीतरी गात होतं. मूळ टेपा त्याने पुढच्या लग्नांना पुन्हा वापरल्या होत्या. आईच्या आवाजावरून परक्यांच्या वराती नाचत गेल्या होत्या. कल्पेश स्टुलावर बसला, तो खालून संध्याकाळच्या पावाचा वास आला तरी उठला नाही.

मग त्याला भवानीची टेप आठवली. दिवसाची पहिली कमाई दुकानदार जशी कपाळाला लावून बाजूला ठेवतो, तशी ती टेप. नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर काढलेलं पहिलं लग्न. आईनेच तिला कुंकू लावून देवांमागे ठेवायला लावली होती. "भवानीचं पुसू नको," म्हणाली होती. आईचं गाण्याचं ते शेवटचं लग्न. त्यानंतर आवाज गेला तो गेलाच.

टेप देवांमागेच होती. कुंकवासकट.

त्याने ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. पडद्यावर नारळ फुटला, आई दिसली, तिचे ओठ हलले, आणि आवाज मागून आला. पुढे पुढे तो आणखी मागे पडत गेला. शेवटी तर आई तोंडाला तांब्या लावून पाणी पीत होती आणि धवला आपला चालूच! पुन्हा उतरवली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सॉफ्टवेअर मध्येच थिजलं आणि त्याच्याबरोबर आईही, अर्धवट उघड्या तोंडाने.

कल्पेशने मागच्या गल्लीतल्या फर्डिनंडला बोलावलं. तो कॉम्प्युटर जोडून विकायचा, आणि विकल्यावर ते बंद पडले की घरी येऊन त्यांच्यावर ओरडायचा.

"स्क्रीनसेव्हर बंद कर. अँटीव्हायरस बंद कर. आणि ही डिस्क बघ, गळ्यापर्यंत भरलीय! उतरवताना चित्रं गळतात ती यामुळेच. त्या गुलाबाच्या पाकळ्या काढून टाक."

"फर्डी, पाकळ्या माझा धंदा आहे."

"मग आईला कुठे बसवू? पाकळीवर?"

पाकळ्या गेल्या. कमळंही गेली. सॉफ्टवेअर थिजायचं थांबलं, गळणारी चित्रंही थांबली. आवाज मात्र मागेच. फर्डिनंडने बराच वेळ पडद्यावरचे आकडे वाचले, मग कॅमेरा मागून घेतला आणि त्याच्या सेटिंगमध्ये शिरला.

"हे बघ. तुझ्या कॅमेऱ्याला आवाज घ्यायच्या दोन रीती आहेत. एक भारी आणि एक हलकी. तू हलकी लावलीस. सॉफ्टवेअर तिला भारी समजून वाजवतंय, म्हणून घसरतंय. पण नवाकोरा कॅमेरा घेऊन हलका आवाज कोण लावतं, बाबा?"

"हलका लावला की टेपवर शेजारी जागा मोकळी राहते."

"कसली जागा?"

"गाणं टाकायला," कल्पेश म्हणाला.

फर्डिनंडने चष्मा काढून शर्टाला पुसला.

सेटिंग जुळवून टेप पुन्हा उतरवली. "आता दोन खुणा तपास," फर्डिनंड म्हणाला. "सुरुवातीला काहीतरी पटकन होणारं आणि शेवटाला काहीतरी पटकन होणारं. दोन्ही जुळली, तर मधलं सगळं जुळलं."

सुरुवातीला नारळ होता. फुटला आणि फुटल्याक्षणीच वाजला. शेवटी धवला संपल्यावर आई खोकली होती. ओठ उघडले आणि त्याच क्षणी खोकला आला, केसभरही मागेपुढे नाही.

"झालं! चहा सांग."

कल्पेशने चहा सांगितला आणि मधला धवला लावला. आईचे ओठ हलले. आवाज आला. जुळले नाहीत. कधी ओठ पुढे, कधी आवाज पुढे. एका ठिकाणी तर ओठ थांबून वाट बघत होते.

"फर्डी, अजून बिघाड आहे."

फर्डिनंडने नारळ पुन्हा पाहिला, खोकला पुन्हा पाहिला. "मशीन बरोबर आहे, कल्पेश," तो हळूच म्हणाला. चहा आला तेव्हा त्याने घाईची सबब सांगितली आणि तो जिना उतरून गेला.

कल्पेशने ड्रॉवरमधून हेडफोन काढले. कॅमेऱ्याबरोबर आले होते. प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. पुसायचाच असलेला आवाज शूटिंग करताना ऐकतो कोण? ते त्याने कानाला लावले आणि डोळे मिटले. ओळ उचलणारी एक आणि झेलणारी दुसरी, असे दोन आवाज हवे होते. आवाज एकच होता. हिरू मावशीचा. आईचा म्हणावा असा फक्त शेवटचा खोकला.

मावशी गावात आपल्या घरच्या पडवीत मोगऱ्याच्या कळ्या ओवत बसली होती. कल्पेश समोर बसला आणि टेपमध्ये काय ऐकलं ते सांगितलं.

"वळखलास माजा आवाज?" सुई न थांबवता ती म्हणाली. "तवा तर हातभर लांब हुबा हुतास, पोरा."

"मावशी, आई गात नव्हती?"

"कशानं गानार? घसा म्हयनाभर आदीच गेलेला. मी म्हटलं, कमळे, पोराला सांग, डाक्टरकडं जा. तर कानाशी येऊन फुसफुसली, 'पोराची भवानी हाय, नवा कॅमेरा हाय, मी नाय हुबी राह्यले तर अपशकुन व्हईल. तू गा, मी त्वांड हलवते.'"

"आणि मला कळलं असतं तर?"

सुई थांबली. "त्ये बी मी इचारलं. तर हसली. म्हनाली, 'तसं पन कल्पा आवाज पुसतोच.'"

कल्पेशला तो महिना आठवला. आई घरात फारशी बोलत नव्हती. विचारलं की गळ्याला हात लावायची आणि 'लग्नासाठी गळा राखतेय' असं खुणेने सांगायची. तेव्हा तो हेमांगीला गमतीने म्हणाला होता, "बरं आहे, घरात जरा शांतता."

मावशीने कळ्या बाजूला सारल्या. त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मोगऱ्याचा ओलसर हात. तो रडायचा थांबल्यावर म्हणाली, "आता गावाला सांगनार?"

"नाही."

"मंग जुळव. तिनं माज्या ओळी धरायची लय खटपट केली रं. पार धाप लागली तिला. तिला नाय जमलं. तू जुळव."

आणि कल्पेशने जुळवलं. जन्मात पहिल्यांदा आईच्या मनातलं त्याने निमूट केलं. धवल्याचा शब्द न् शब्द वेगळा कापला, आणि तो आईच्या ओठांखाली सरकवून बसवला. सॉफ्टवेअर चारदोनदा मेलंच. पण आता प्रत्येक शब्द बसला की तो आधी सेव्ह करायचा. हेमांगी डबा घेऊन यायची आणि तसाच परत न्यायची. जिथे आई धापा टाकत होती तिथे त्याने धवलाच क्षणभर थांबवला, तिला श्वास मिळेपर्यंत.

वर्षश्राद्धाला जेवणं उरकली, अंगणात टीव्ही आणला. कमळीबाई पडद्यावर आली आणि गाऊ लागली. बायकांचे पदर डोळ्यांना लागले.

"हुबेहूब गो! जशीच्या तशी!"

"असा आवाज परत व्हनार नाय."

हिरू मावशी सगळ्यात पुढे बसली होती. तिच्या स्वतःच्या आवाजाचं कौतुक तिच्याच कानांवर पडत होतं आणि ती मान डोलवत होती. "कमळीसारखं कोन गानार?" ती म्हणाली आणि नाक शिंकरलं.

धवला संपला. पडद्यावर आई खोकली.

"एवढं कापायचं हुतं रं, कल्पा," मागून एक म्हातारी म्हणाली. "खोकनं कशाला ठेवलंस?"

"राहू दे, काकी," कल्पेश म्हणाला.

बायका हात धुवायला उठल्या. कल्पेशने रिमोट घेतला, किंचित मागे नेलं. आई पुन्हा खोकली. त्याने परत मागे नेलं.