पाणघोडीचं तोंड

आमच्या स्टुडिओत एक माणूस दिवसभर शिव्या देत बसतो आणि त्यातली एकही मात्र कुणी ऐकलेली नाही. त्यांना आम्ही तोंडाळ काका म्हणतो. वास्तविक काका इतके मवाळ, की लिफ्टमध्ये कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तर तेच ओशाळून सॉरी म्हणतील. पण त्यांचं काम तोंडं काढण्याचं. आम्ही मोठ्या माणसांसाठी कार्टून बनवतो, टीव्हीवर दर आठवड्याला लागणारं. त्यातली पात्रं जे बोलतात तसे त्यांचे ओठ, जीभ आणि दात हलायला हवेत, आणि ते हलवायचे काकांनी. टेबलावर गोल आरसा, कानाला हेडफोन. वाक्य ऐकायचं, आरशात बघत तेच वाक्य बिनआवाजी म्हणायचं आणि ओठ कसे वळले ते चित्रात उतरवायचं. नवीन लागलेली रिसेप्शनिस्ट पहिल्याच दिवशी त्यांच्या समोरून गेली आणि तडक निर्मात्या बाईंच्या खोलीत जाऊन रडायला लागली. काकांनी म्हणे तिला आईवरून शिवी दिली होती.

"तुला नाही गं, आरशाला," बाई म्हणाल्या. "रोज देतात. त्याचाच पगार आहे त्यांना."

त्या शिव्या लिहिणारी मी. माझ्या आईला मी 'टीव्हीसाठी काहीतरी लिहिते' एवढंच माहीत आहे आणि ती छापलेलं सगळं वाचते, त्यामुळे मूळ शिव्या इथे देता येणार नाहीत. वाचकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे समजून घ्याव्यात.

आमची नायिका एक पाणघोडी आहे. ती घटस्फोटाची वकिली करते, स्वतःचे तीन घटस्फोट तिने स्वतःच लढवलेत, आणि न्यायाधीशापासून शिपायापर्यंत कुणालाही ती सोडत नाही. तिचं तोंड म्हणजे निम्मा पडदा. असलं पात्र ज्या जागेत जन्माला येतं ती जागा बघितली तर कुणाला खरं वाटणार नाही. खाली बाथरूमच्या फरशांचं दुकान, वर आम्ही, आणि भिंतीपलीकडे दातांचा दवाखाना. कॉरिडॉरमध्ये मोठा आरसा लावलाय, तिथे आमची चित्रं काढणारी मंडळी आधी स्वतः पडून, लोळून, पोट पुढे काढून चालून बघतात आणि मग ते काढतात. पाणघोडी जिन्यावरून घसरते तो प्रसंग करताना एकाचं बूड महिनाभर सुजलं होतं. चित्र मात्र झकास आलं. दवाखान्यातले पेशंट आमचे आवाज ऐकून दात न काढताच परत जातात, अशी डॉक्टरांची तक्रार आहे.

सुरुवातीला माझं आणि काकांचं फार वाजायचं. म्हणजे वाजवायचे मी, ते ऐकून घ्यायचे. मी जीव ओतून एखादी शिवी रचावी आणि काकांनी ती परत पाठवावी.

"ही घशातली आहे," ते पुटपुटायचे. "ओठांवरची दे ना."

त्यांचं म्हणणं असं, की क, ग, ह ही अक्षरं आत घशात होतात, तोंडावर काही दिसत नाही. प, फ, ब, भ, म ही कशी दारात उभी असतात. मी म्हणायचे, काका, लोकांना तसाही 'टूं'च ऐकू येणार आहे, तुम्हाला काय करायचंय कुठल्या अक्षराने सुरू होते ते? कारण आमच्या प्रत्येक शिवीवर चॅनेल टूं असा आवाज चढवतं. काका मान खाली घालायचे, पण ऐकायचे नाहीत. शेवटी मीच नमले. आपल्या भाषेची कृपा, की तिच्यातला बराचसा ऐवज भ आणि म वरच सुरू होतो, त्यामुळे माझं फारसं अडलं नाही. तरी मनात होतंच की म्हातारा विक्षिप्त आहे. मग एका शनिवारी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं आणि कोडं सुटलं.

काका आणि त्यांची मोठी बहीण असं दोघांचंच घर. दोन खोल्या, पण दिवे एवढे की फोटो स्टुडिओत आल्यासारखं वाटावं. एकही खुर्ची भिंतीकडे तोंड करून नाही. ओट्यासमोर, जिथे दुसऱ्यांच्या घरी मसाल्याचे डबे असतात, तिथे आरसा. बेल दाबली की घंटी वाजत नाही, दिवा लागतो. ताईंना सातव्या वर्षी ताप आला, तो उतरला आणि कान घेऊन गेला. नोकरी त्यांनी पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात केली, झाकणं ठोकणाऱ्या मशीनवर.

"तिथल्या सगळ्या बायकांचे कान गेले," ताई मला म्हणाल्या. "माझंच काही नुकसान झालं नाही."

हे त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की समोरच्या घराचं दार उघडलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ताई नेहमी वरच्या पट्टीत बोलतात आणि काका त्यांच्याशी नुसते ओठ हलवतात. शेजाऱ्यांना त्या घरातलं निम्मंच बोलणं ऐकू जातं. ही बाई एका गरीब माणसाला उठताबसता फाडून खाते, अशी साऱ्या मजल्याची खात्री आहे.

लहानपणी घरी चार माणसं जमली, हशा पिकला, की ताई विचारायच्या, काय झालं? आई म्हणायची, "काही नाही गं, नंतर सांगते." ते नंतर कधी उगवलं नाही. मग हा धाकटा भाऊ ताटावर बरोब्बर समोर बसायला लागला आणि जे जे बोललं जाईल ते ते ओठांनी तिला सांगायला लागला. काही गाळायचं नाही, काही सुधारायचं नाही. मामा मामीच्या आईला काय म्हणाला, तेही. ताईंनी त्यावर भर पंगतीत मामाची बाजू घेतली, मोठ्याने, मामीच्या आईदेखत. काकांनी त्या दिवशी मार खाल्ला, पण बातम्या थांबवल्या नाहीत. त्यांच्या हातात जी कला आहे ती अशी आली. शाळाकॉलेजात त्यांनी दिवे लावले नव्हते हे ते स्वतःच सांगतात.

जेवणं झाल्यावर आमच्या कार्टूनचं पुनःप्रसारण लागलं. पाणघोडी उभी राहिली, न्यायाधीश कासवाकडे वळली, तोंड उघडलं. मला ऐकू आलं टूं. आणि ताई फिसकन हसल्या. पुढच्या टूंला पुन्हा. मी हादरले. मी लिहिलेली शिवी, पूर्ण, जशीच्या तशी, एका माणसापर्यंत पोचत होती, आणि ते माणूस बहिरं होतं. आईशप्पथ, आजवर कुठल्या बक्षिसाने मला एवढा आनंद झाला नव्हता. बक्षीस कधी मिळालंही नाही, ती गोष्ट वेगळी.

पण शिव्या वाचणाऱ्या ताई एकट्या नव्हत्या, आणि तिथेच माशी शिंकली.

बहिऱ्या मुलांच्या एका शाळेच्या वसतिगृहात थोरली पोरं चोरून आमचा कार्यक्रम बघत होती. त्यांना टूं ऐकू येत नव्हता, शिवी दिसत होती. शाळेच्या समारंभात भाषण लांबलं तेव्हा पहिल्या रांगेतली पोरं पाणघोडीसारखी तोंडं करून आपसात वक्त्याविषयी बोलायला लागली. वक्ते स्वतः ओठ वाचणारे निघाले. मुख्याध्यापिकेने चॅनेलला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी चॅनेलवाले साहेब आमच्याकडे हजर.

साहेब कुठेही गेले तरी दुसऱ्याच्या खुर्चीत बसतात. ते काकांच्या खुर्चीत बसले, काका उभे.

"टूं असेल तिथे तोंडात दुसरं काहीतरी घाला," साहेब म्हणाले. "सभ्य. नाहीतर तोंडांचं काम आपण यंत्राला देऊ. हे बघा."

त्यांनी फोनवर नमुना दाखवला. यंत्र आवाज ऐकून तोंडाची नुसती उघडझाप करत होतं. आमची वकिलीण पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी दिसत होती. काकांच्या पोटाचा प्रश्न नव्हता, बाईंनी त्यांना पात्रांचे हात काढायचं काम आधीच देऊ केलं होतं. तरी त्यांचा चेहरा उतरला. जिना उतरताना मी विचारलं, तेव्हा ते कठड्याला धरून थांबले.

"यंत्राकडे गेलं तर ताईला त्यातलं अक्षर कळणार नाही गं," ते म्हणाले. "आठवड्यातून एकदा ती सगळ्यांच्या बरोबरीने हसते. कुणाला काही विचारावं लागत नाही तिला. तेवढंच आहे बघ आमच्या घरात."

मग आम्ही दोघांनी शहाणपणा केला. टूंच्या खाली मी सभ्य वाक्यं लिहून दिली. ऐकणारे समजतील पाणघोडीने न्यायाधीशाचा उद्धार केला, ओठ वाचणारे बघतील की ती म्हणतेय, 'मीठ कमी आहे' किंवा 'दार लावून घे'. शेवटच्या टूंमध्ये काकांनी लाडाने आपलं स्वतःचं घातलं. पाणघोडी प्रेक्षकांकडे बघून म्हणते, 'ताई, गोळी घेतलीस का?' साहेब खूश झाले. आम्हीही स्वतःवर एवढे खूश होतो की शनिवारी मी न बोलावता जेवायला गेले.

ताई बघत होत्या. पहिला टूं आला. हसू नाही. दुसरा आला, ताईंनी चष्मा पुसला. गोळीच्या वाक्याला त्या उठल्या आणि टीव्ही बंद करून आमच्यासमोर उभ्या राहिल्या.

"हे काय?"

काका ओठांनी समजावू लागले. मला त्यातलं काही कळलं नाही.

"ती वकील आहे का नर्स?" ताई म्हणाल्या. "माझ्या गोळ्या कशाला विचारतेय ती? जन्मभर लोक माझ्यापुढे तोंड सांभाळून बोलले. बिचारी आहे, तिला कशाला सांगा. आईने तेच केलं. तू तेवढा नव्हतास तसा. मार खाल्लास, पण गाळलं नाहीस." मग त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आता तूपण मला टूं लावलास होय रे?"

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू. काका काहीतरी सांगायला पुढे झाले, तेवढ्यात ताईंनी डोळे मिटून घेतले. त्या घरात अबोला धरायला तेवढं पुरतं.

अबोला चांगला लांबला. काका ऑफिसला येत, आरशासमोर बसत आणि नुसते स्वतःकडे बघत. शेवटी एका सकाळी ते बाईंच्या खोलीत शिरले, पाठोपाठ मी.

"खरं तोंड काढीन," काका म्हणाले. "नाहीतर काढणार नाही."

हे ते इतक्या हळू म्हणाले की बाईंनी "काय?" म्हटलं आणि त्यांना तोच बाणेदारपणा पुन्हा करावा लागला.

"अहो, काढा की," बाई म्हणाल्या. "मुख्याध्यापिकेशी मी बोलले. हे मोठ्यांचं कार्टून आहे, वसतिगृहातला टीव्ही वेळेवर बंद करा म्हटलं. बाकीचे आईबाप करतात तेच. अडचण साहेबांची आहे. त्यांना आता भाग लागण्याआधी तपासायला ओठ वाचणारं माणूस हवंय. तोंडात वावगं काही नाही असं त्या माणसाने म्हटलं की ते सुटले. आता असं माणूस मी आणू कुठून?"

भिंतीपलीकडे कुणाच्या तरी दाढेत मशीन फिरत होतं.

"एक आहे," काका म्हणाले. "पण तोंडाने फार फटकळ आहे."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि नातं काय हे विचारायचं टाळलं. बाई उगाच निर्मात्या झालेल्या नाहीत.

मी त्या भागासाठी पाणघोडीचं कोर्टातलं असं भाषण लिहिलं, की अर्ध्याहून जास्त टूं. सगळं ओठांवरचं, घशातलं एक अक्षर नाही. काकांनी ते काढताना आरसा असा वापरला की रिसेप्शनिस्टने आपली खुर्चीच फिरवून घेतली.

तपासणीच्या दिवशी ताई ठेवणीतले कपडे घालून आल्या. भावाशी अजून बोलणं नव्हतंच. त्यांनी यायचं कबूल केलं होतं ते बाईंनी समोर बसून विचारल्यावर. आमच्या छोट्या खोलीत त्या पहिल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला काका, मागे मी. भाषण सुरू झालं. पहिला टूं. ताईंची पाठ हलली नाही. दुसरा टूं. त्यांचे खांदे किंचित हलले. तिसऱ्याला त्या हसल्या, त्यांच्या त्या वरच्या पट्टीत, आणि मग थांबेचनात. पाणघोडी सुटली होती. ताईंनी पडद्यावरून नजर न काढता हात बाजूला नेला, चाचपडून काकांची बाही पकडली आणि घट्ट धरून ठेवली. भिंतीपलीकडचं मशीन बंद पडलं. काका पडद्याकडे बघत नव्हते, ते ताईंकडे बघत होते.

साहेब अस्वस्थ झाले. त्यांनी भाग थांबवायला सांगितला.

"मॅडम, एवढं काय म्हणाली ती?"

ताईंची नजर पडद्यावरच होती, त्यांना कसं कळणार. साहेब उठले, समोर येऊन उभे राहिले, आणि तोंड चांगलं रुंद उघडून एकेक शब्द सुटा करत पुन्हा विचारलं, "काय म्हणाली ती? काय झालं?"

ताईंनी डोळे पुसले. एकदा भावाकडे बघितलं, मग साहेबांकडे.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "नंतर सांगते."