क्लच आणि खुरसणीचं कोमट तेल

तळेघरच्या पलीकडे, गाडीरस्ता संपतो तिथून अर्ध्या तासाच्या चालीवर आमची वाडी आहे. भाताची चार खाचरं, वरच्या अंगाला थोडी नाचणी आणि उन्हाळ्याच्या तोंडाला जंगलातला हिरडा, एवढ्यावर आमचं घर चालायचं. तांदूळ फाल्गुनापर्यंत पुरायचा. पुढे नाचणीची भाकर, आणि तीही कमी पडली की आई म्हणायची, "मला आज भूकच न्हाई." ती भूक वर्षातून तीन महिने नसायची. बाबांना अक्षरओळख नाही. सातबाऱ्यावर आजोबांच्या जागी आपलं नाव लागावं म्हणून ते तलाठ्याच्या कचेरीत किती वेळा पायी गेले, ते मोजायचं त्यांनीच सोडून दिलं होतं. सकाळी निघायचे, ओट्यावर बसून राहायचे, कुणीतरी हातात कागद द्यायचं. तो घरी आणून ते माझ्यापुढे धरायचे. मी तेव्हा चौथीत होते. मी वाचून दाखवायची आणि कळायचं की कागद दुसऱ्याच कुणाचा आहे.

हे सगळं सांगते, कारण त्याशिवाय माझा ताठा कळायचा नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही. मी चढले, पदवी घेतली, आणि दोनदा नापास होऊन तिसऱ्या वेळी तलाठ्याची परीक्षा पास झाले. लोक म्हणाले, देवाची कृपा. मला राग यायचा. चुलीपुढे धुरात बसून अभ्यास मी केला होता, देवानं नाही. पाच वर्षांपूर्वी बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, हात-पाय लुळे पडले, तेव्हाच मी मनातल्या मनात देवाशी बोलणं बंद केलं होतं. आई मात्र करायचं ते करत राहिली. बाबांची जुनी मोटारसायकल पडवीत पोत्याखाली उभी होती. याच गाडीवर मागे बसून मी घोडेगावला कॉलेजला जायची. बाबा पडल्यावर ती फारशी हललीच नाही. माझा मामेभाऊ महिन्या-दोन महिन्यांनी चालू करून बघायचा, मीही वाडीच्या माळावर एखादा फेरा मारायची, तेवढंच. पण दर दसऱ्याला आई तिला तांब्याभर पाणी घालून धुवायची, हळदकुंकू वाहायची, अक्षता टाकायची, हार घालायची. मी म्हणायची, "आई, बंद गाडीला कसली पूजा?" ती म्हणायची, "तिनं तुला साळंला नेलं. बंद झाली म्हणून काय इसरायचं व्हय?"

नेमणुकीचा कागद आला आणि त्याच आठवड्यात बाबांना पुन्हा झटका आला. मंचरच्या दवाखान्यात बरेच दिवस गेले. बाबा घरी आले तेव्हा दसरा दुसऱ्या दिवसावर होता आणि माझी रुजू होण्याची मुदत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संपत होती. जुन्नरच्या कचेरीत फोन केला तर तिथल्या बाईंनी चांगुलपणानं सांगितलं, "परवा दुपारी एकच्या आत या, ताई. त्यानंतर साहेब बाहेर जातील, आणि हजर न झालेल्यांची यादी त्याच दिवशी वर जायची आहे." यादी वर गेली की माझी जागा पुढच्या उमेदवाराला.

सणामुळे दसऱ्याच्या रात्रीची मुक्कामाची एसटी आलीच नाही, म्हणून सकाळची सुटलीही नाही. जीपवाला भाविकांना घेऊन भीमाशंकरला गेलेला. मी पडवीतली गाडी बाहेर काढली. आदल्या दिवशीच्या अक्षता अजून तिच्या अंगावर चिकटलेल्या होत्या. तिसऱ्या किकला ती चालू झाली. आईनं दोन्ही हात जोडले, आणि खाटेवरून बाबांनी डावा हात वर केला. मला म्हणायचं होतं, बघा, माझं मी जाते. तसं बोलले नाही, पण मनात तेच होतं.

डिंभ्याच्या धरणाचं पाणी दिसायला लागतं तिथल्या वळणावर एक म्हैस आडवी आली. मी क्लच दाबला, ब्रेक मारला. म्हैस गेली. क्लच सोडला, तर हातातली क्लचची मूठ नुसती लोंबायला लागली, सैल. गिअर टाकला, ॲक्सिलरेटर पिळला, इंजिन ओरडायला लागलं, पण चाक जागचं हलेना. खाली वाकून पाहिलं. इंजिनावर बोटभर लांबीचा एक लोखंडी तुकडा असतो. क्लचची वायर त्यालाच ओढते, आणि सोडलं की तो परत जागेवर जातो. मेकॅनिक त्याला क्लचचा आर्म म्हणतात. तो ओढला गेलेला तसाच अडकून बसला होता. म्हणजे माझा हात सुटला होता, पण गाडीच्या पोटात क्लच दाबलेलाच होता.

सव्वाआठ वाजले होते. फोनला रेंज नव्हती. वर जाणाऱ्या गाड्या एकामागून एक भीमाशंकरकडे, खाली येणारं कुणी नाही. शेवटी एक मोटारसायकल आली, तिच्यावर आधीच तिघं. पुढच्यानं गाडी थांबवून आर्मकडे पाहिलं आणि हसला. "राव, पूजा झाली वाटतं कालच्याला. आता इसर्जन करून टाका धरणात!" मागचा म्हणाला, "गप रं. ताई, दगडानं दोन हाणा, सुटंल. तुमाला घेतलं आसतं, पन आमीच तिघं हाय, चवथं कुठं बसवू?" आणि गेले.

मी दगड घेतला. आधी हळू मारला, मग जोरात. मग चिडून. आर्म वाकायला लागला पण सुटेना. माझी बोटं सोलवटली. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं की मी आजवर सगळं जोरानंच मिळवलंय, हेही मिळवीन. नऊ वाजत आले तेव्हा दगड हातातून निसटला आणि मी रस्त्याच्या कडेला बसले. शेजारीच शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड होता, कुणीतरी काल वाहिलेलं झेंडूचं फूल त्याच्यावर. मी मागणं मागितलं नाही. मला येतही नव्हतं आता मागायला. एवढंच म्हणाले, "माझ्याच्यानं होत नाही. मी दमले." पाच वर्षांत देवाशी बोललेलं ते माझं पहिलं वाक्य.

आणि तेव्हाच वरच्या बाजूनं आवाज आला. आशीर्वादाचा नव्हता.

"अगं ए बाय! काय लावलीया ठोकाठोकी? घरात कवळं पोर हाय, दर टायमाला दचकून उठतंय!"

रस्त्याच्या वर, झाडीत एक घर होतं, ते मला तोवर दिसलंच नव्हतं. कासोटा घातलेली, काटकुळी म्हातारी तरातरा उतरत आली. तिच्या नातीला त्याच पहाटे मुलगा झाला होता. नातीला दवाखान्यात नेण्याआधीच पोर आलं, आणि ते या आजीनंच हातावर घेतलं. पूर्वी आसपासच्या वाड्यांमधली बाळंतपणं तीच करायची, हे तिनं मला नंतर सांगितलं.

"आजी, गाडी अडकलीय," मी म्हणाले.

"मंग तिला मारती व्हय? ती काय पळून चालली व्हती?"

मला रडू फुटलं. मी तिला सगळं सांगितलं. नेमणूक, एक वाजता बंद होणारी यादी, बाबा, सगळंच. ती गाडीशेजारी उकिडवी बसली. मग म्हणाली, "कुठं आडलंय, दाव." मी आर्म दाखवला. तिनं त्याच्यावर दोन बोटं ठेवली, डोळे मिटले आणि इंजिनाच्या अंगावर हात फिरवत राहिली. इतका वेळ उभं राहून ते थंड झालं होतं. "गार पडलंय सगळं," ती म्हणाली. "गार पडल्यालं कसं सुटंल? बस हितंच. हात लावू नगस."

ती वर गेली आणि आली ती एका हातात उकळत्या पाण्याची किटली, दुसऱ्या हातात वाटी आणि खांद्यावर जुन्या लुगड्याचे धडपे घेऊन. पाणी बाळंतिणीच्या अंघोळीचं होतं. वाटीत बाळाच्या अंगाला लावायला कोमट केलेलं खुरसणीचं, म्हणजे कारळ्याचं, तेल. मी म्हणाले, "आजी, हे बाळाचं आहे." ती म्हणाली, "त्याला पुरून उरतंय. त्यो काय पैलवान हाय का?"

धडपा गरम पाण्यात बुडवायचा, आर्म ज्या भोकातून आत जातो तिथं गुंडाळायचा, निवला की दुसरा. मधे थेंब थेंब तेल सोडायचं. पुन्हा शेक. मी सारखी घड्याळ बघत होते. न राहवून आर्मला हात घातला आणि जोर लावायला गेले, तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. "जोर नगं! जोर तुजा न्हाई, त्याचा त्यो लावंल. आपुन निस्ता हात ठिवून बसायचं." मग तिनं माझा हात धरून आर्मवर ठेवला आणि वरून स्वतःचा ठेवला. केसाएवढं पुढं, केसाएवढं मागं. दाबायचं नाही, ओढायचं नाही. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड काम असेल. अभ्यास सोपा होता, त्यात काहीतरी करायचं होतं. इथं मला काहीच करायचं नव्हतं, आणि तेवढंच मला जमत नव्हतं. तिचा तळवा माझ्या हातावर ऊन ऊन लागत होता. हळूहळू माझ्या खांद्यातला ताण उतरत गेला. घड्याळ बघायचं मी कधी विसरले, मला सांगता येणार नाही.

आणि मग भोकाच्या कडेनं लाल पाणी यायला लागलं. आधी एक धार, मग गडद, घट्ट. आजी पुढे वाकली. "आलं," ती इतकंच म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम वेगळा, मऊ झाला, जसा पहाटे त्या खोलीत झाला असेल. लाल पाण्यामागून चिखलासारखा गोळा बाहेर आला. त्यात गंज होता, कुंकू होतं, हळद होती आणि तांदळाचे फुगलेले दाणे होते. पाच दसऱ्यांच्या अक्षता. त्या वर्षानुवर्षं तिथं साठत गेल्या होत्या आणि पाण्यानं आतलं लोखंड गंजलं होतं. ज्या पूजेला मी हसले होते, तीच तिथं अडकून बसली होती.

आजीनं तो गोळा खाली पडू दिला नाही, पदरात झेलला. "कुणी वाह्यल्यात ह्या?"

"आईनं. दरवर्षी."

"मंग आयचं हाय त्ये. खाली न्हाई टाकायचं." ती उठली आणि तो गोळा वाघोबापुढं ठेवून आली.

ती परत येईपर्यंत माझा हात आर्मवर तसाच होता. मी शपथेवर सांगते, मी जोर लावला नाही. हाताखाली काहीतरी सैल झालं, खट् असा आवाज आला आणि आर्म आपोआप जागेवर गेला. मूठ ताठ झाली. मी दाबली, सोडली. दाबली, सोडली. आजी म्हणाली, "पैलटकरीण व्हती तुजी गाडी. आता पुढच्या टायमाला येवढा तरास न्हाई द्यायची." मी हसले की रडले, ते मलाच कळलं नाही. पाया पडायला वाकले तर तिनं माझ्या डोक्यावर तेलकट हात ठेवला. "जा. कागुद बंद व्हतोय न्हवं तुजा?"

आठ दिवसांनी मी बाळाला कुंची आणि आजीला लुगडं घेऊन गेले. आजी तिथंच होती, अंगणात वरई पाखडत. मी विचारलं, "आजी, त्या दिवशी तुम्ही नेमक्या कशा आलात?" ती म्हणाली, "आता कशी म्हंजी? तू ठोकत व्हतीस, पोर झोपंना. भांडायला आले व्हते." मी बरेच दिवस या उत्तरावर विचार केला. माझा राग, माझा दगड, मी चुकीच्या ठिकाणी लावलेला जोर, त्याचाच आवाज ऐकून ती आली. यातलं काय योगायोग आणि काय नाही, मी वाद घालणार नाही. घोडेगावच्या मेकॅनिकनं नंतर सगळं खोलून पाहिलं आणि म्हणाला, पाणी गेल्यामुळं गंजलं होतं, गरम केल्यावर सुटणारच. बरोबर आहे त्याचं. आईला सांगितलं तेव्हा ती आधी घाबरली, "माज्यामुळं झालं व्हय गं?" मग म्हणाली, "पुढल्या बारीला कोरडंच कुंकू लावीन." पूजा बंद करीन असं काही ती म्हणाली नाही, आणि मीही तिला सांगितलं नाही. यंदा अक्षता मीच वाहिल्या, लांबून, टाकीवर.

मी अजून जोरानंच जगते, तो स्वभाव जायचा नाही. पण काही कामं अशी असतात की तिथं आपला हात फक्त ठेवायचा असतो, आणि त्या हातावर आणखी एक हात असतो, हे मला आता माहीत आहे. तो हात कुणाचा, हे मी विचारत नाही. ज्यानं तो ठेवला त्याचे माझ्यावर उपकार आहेत.

त्या दिवशी मी बारा वाजून चाळीस मिनिटांनी जुन्नरच्या कचेरीत पोचले. बाईंनी यादी बाजूला काढून माझ्यापुढं रजिस्टर सरकवलं. मी सही केली. हात पुसायचे राहिले होते, म्हणून सहीच्या शेजारी माझ्या अंगठ्याचा तेलकट ठसा उमटला. जन्मभर कागदांवर बाबांचा उमटला, तसाच. मी माफी मागितली. बाई म्हणाल्या, "असू दे, सही आहे ना."

सही होती. मी तलाठी म्हणून रुजू झाले.