खिडकीताईंचा नंबर

मोठ्या दवाखान्याच्या दारातून आत गेलं की समोरच काचेची एक खिडकी होती आणि तिच्यावर 'चौकशी' असं लिहिलेलं होतं. काचेला खालच्या बाजूला अर्धगोल भोक. विचारणाऱ्याला त्या भोकाशी तोंड न्यायला वाकावं लागे, त्यामुळे आत बसणाऱ्याला माणसाचं आधी कपाळ दिसे आणि मग डोळे. अशी कपाळं बघण्यात ज्यांची सगळी नोकरी चालली होती, त्या बाईंना अख्खा दवाखाना खिडकीताई म्हणायचा. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच सुखात होतं.

ताई कामात चोख, पण तंद्री लागायची सवय दांडगी. 'रक्त तपासायला समोरचं निळं दार', 'हाडांचे डॉक्टर वरच्या मजल्यावर' हे तोंडातून आपसूक निघे, आणि मन मात्र विचारणाऱ्याच्या मागोमाग चालू लागे. पाठमोरा माणूस वळणावर दिसेनासा झाला की पुढची गोष्ट ताई स्वतःच रचत. निळ्या दाराशी पोहोचला असेल. कोणी 'बसा' म्हटलं असेल. दुपारी गर्दी ओसरली की काचेवर अंगणातल्या झाडाची सावली हलायची, आणि सकाळपासून पाठवलेली सगळी माणसं त्या सावलीतून हळूहळू घरी परत निघालेली त्यांना दिसायची. बरी होऊन, अर्थात. ताईंच्या तंद्रीत कोणाचीही आजारी राहायची टाप नव्हती.

सगळ्यात जास्त वेळा त्या रस्ता सांगत तो टोकाच्या खोलीचा. तिथे 'समाजसेवा विभाग' अशी पाटी होती. औषध तर लिहून दिलं, पण ते वेळेवर देणार कोण. बाईला घरी सोडायचं आहे, पण त्या घरातच तिला मार बसतो. अशा प्रश्नांना अख्ख्या दवाखान्यात ती एकच खोली. 'सरळ जा, शेवटचं दार,' ताई सांगत. स्वतः मात्र तिथवर कधी गेल्या नव्हत्या. खिडकी सोडायची नाही, असा नियमच होता.

एक दिवस एक आजोबा जाऊन जाऊन परत येऊ लागले. शेवटी भोकाशी वाकून म्हणाले, "बाई, सरळ म्हणजे कुठवर सरळ?"

आता याला काय उत्तर द्यायचं? ताई उठल्या, 'थांबा'ची पाटी लावली आणि आजोबांच्या कोपराला हात देऊन निघाल्या. मागे रांगेने जो गलका केला, तो त्यांना ऐकू आलाच नाही असं म्हणतात. ऐकू आला होता.

टोकाच्या खोलीत टेबल भिंतीला सरकवलेलं होतं. दोन खुर्च्या एकमेकींशी जरा तिरप्या ठेवलेल्या, म्हणजे बोलणाऱ्याला वाटलं तर समोरच्याकडे बघावं, नाहीतर बाहेरच्या झाडाकडे. मध्ये काच नव्हती. तिथल्या समाजसेविका बाईंनी कागद मागितला नाही, नाव विचारलं नाही. खुर्ची पुढे ओढून त्या एवढंच म्हणाल्या, "दमलात ना? आधी बसा." आणि आजोबांना रडू फुटलं.

दारात उभ्या असलेल्या ताईंनी भलत्याच वेळी भलताच प्रश्न विचारला. "हे शिकवतात का हो कुठे?"

"शिकवतात की," बाई हळूच म्हणाल्या. "तुमची पदवी झालीय ना? मग पुढे समाजकार्याचा अभ्यासक्रम असतो, दोन वर्षांचा. नोकरी करणाऱ्यांना संध्याकाळचे वर्ग आहेत. जागा मोजक्याच, पण अर्ज तर करा."

खिडकीत परतल्यावर अधीक्षकांची बोलणी खावी लागली. "तुम्हाला रस्ता सांगायला ठेवलंय, पोहोचवायला नाही," ते म्हणाले. वर एक बातमीही दिली. खिडकीच्या जागी आता यंत्र येणार होतं. बटण दाबलं की ते रस्ता दाखवणार. ताईंची बदली तळघरात, जुन्या कागदपत्रांच्या खोलीत. ताईंनी धीर करून अभ्यासक्रमाचं विचारलं. अधीक्षक तसे वाईट नव्हते. म्हणाले, "प्रवेश मिळाला तर टोकाच्या खोलीत मदतनीस म्हणून घेऊ. नाही मिळाला तर तळघर."

तळघरात ऊन नाही, झाड नाही आणि मुख्य म्हणजे माणूस नाही. 

त्यांचे नवरोबा लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. जन्मभर शिकाऊ लोकांशेजारी बसून त्यांचा उजवा पाय असा तयार झाला होता, की जेवताना कोणी घाईने बोलू लागलं तरी तो टेबलाखाली ब्रेक दाबायचा. मुलगी कॉलेजात होती. आईचा अर्ज भरायचं काम अर्थातच तिच्या गळ्यात पडलं.

"आई, इथे विचारलंय, पुढे कोणत्या क्षेत्रात काम करायला आवडेल?"

"कोणकोणती आहेत?"

मुलीने वाचून दाखवलं. दवाखाने, शाळा, वृद्धाश्रम, तुरुंग, अनाथ मुलांच्या संस्था, धोरणं ठरवणारी सरकारी कार्यालयं. ताईंनी ऐकलं आणि झालं, तंद्री लागली. ती बरेच दिवस उतरली नाही.

कांदा चिरता चिरता त्या शाळेत जाऊन आल्या. तिथे खुर्च्या इतक्या बुटक्या, की गुडघे हनुवटीला लागत होते. कोणाशीच न बोलणारी एक मुलगी शेजारी बसून चित्र काढत होती, आणि तिने चित्रातल्या घराला दार काढावं म्हणून ताई गप्प बसून वाट बघत होत्या. कपडे वाळत घालताना त्या वृद्धाश्रमात पोहोचल्या. सगळ्या खुर्च्या भिंतीकडे तोंड करून एका ओळीत. ताईंनी दोन खुर्च्या उचलून समोरासमोर ठेवल्या, तर दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून लाजल्या. तुरुंगात बाक जमिनीला पक्के केलेले. सुटून घरी निघालेला एक माणूस विचारत होता, 'बाई, बस कुठून मिळते? रस्ते विसरलो.' सरकारी कार्यालयातली फिरती खुर्ची मात्र ताईंना मानवली नाही. स्वप्नातसुद्धा गरगरलं.

"काल तुरुंगात होतीस. आज कुठे?" नवरोबा विचारायचे.

"आज शाळेत."

"लवकर सुटलीस म्हणायची!"

पण एका संध्याकाळी ते थट्टा सोडून बोलले. "अगं, माझ्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक माझ्या. तू बातम्या बघतानासुद्धा रडून उठून जातेस. रोज लोकांचं दुःख ऐकणार, तर तुझ्या पायाखाली ब्रेक आहे का काही?"

प्रश्न खरा होता म्हणून ताईंना रागच आला. त्यांनी भांडी जरा जोरात ठेवली.

"आई, एक काहीतरी निवड ना," मुलगी कंटाळून म्हणाली.

"लिही, जिथे खुर्च्या हलवता येतील तिथे."

"असं नसतं लिहायचं गं!" असं म्हणून तिने 'दवाखाने' लिहिलं आणि अर्ज पाठवून दिला.

मुलाखतीचं बोलावणं आलं. नंबर सगळ्यात शेवटचा होता. त्या दुपारी ताई ठेवणीतले कपडे घालून समाजकार्याच्या कॉलेजच्या लांबलचक दालनात शिरल्या तेव्हा बाकांवर बसायला जागा नव्हती. बंद दाराआड तिघंजण मुलाखती घेत होते. दाराबाहेरच्या टेबलामागे एक खुर्ची तेवढी रिकामी होती. तिथला कारकून आलाच नव्हता. ताई तिच्यावर टेकल्या. त्यांच्या मनात खरोखर दुसरं काही नव्हतं, पाय दुखत होते.

तेवढ्यात एक तरुण टेबलाशी येऊन वाकला. "मुलाखत इथेच का?"

समोर वाकलेलं कपाळ दिसलं, आणि ताईंच्या तोंडून निघून गेलं, "इथेच. बसा. पाणी त्या कोपऱ्यात आहे."

मग दुसरी आली, तिसरा आला. आतली घंटा वाजली की ताई पुढचा नंबर पुकारत. थरथरणाऱ्या एका मुलाला म्हणाल्या, "आत बसलीत तीही माणसंच आहेत, खात नाहीत." तान्हं बाळ घेऊन आलेल्या बाईचं बाळ मांडीवर घेऊन बसल्या, तिची मुलाखत होईपर्यंत. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं होत फरशीवरून सरकत होतं. माणसं आत जात होती, हलकी होऊन बाहेर येत होती, आणि ताई मनाने प्रत्येकाच्या मागे चालत होत्या. ही शाळेत जाईल. हा तुरुंगात, आणि तिथल्यांना आवडेल. किती छान दुपार चालली होती!

दालन रिकामं झालं. दार उघडून एका पिकल्या केसांच्या प्राध्यापिका बाहेर डोकावल्या. "कोणी राहिलंय का अजून?"

"नाही मॅडम, झाले सगळे," ताई अगदी समाधानाने म्हणाल्या.

"शेवटचं कोणी आलंच नाही वाटतं. बरं, तुम्हीही निघा आता. फार मदत झाली आज."

तिघंही जिना उतरून गेले. "सावकाश जा हं," ताईंनी वर निरोपही दिला. मग घाम पुसायला पर्समध्ये हात घातला तर रुमालाबरोबर घडी केलेलं बोलावणं हाताला लागलं.

शेवटचं कोणी म्हणजे त्याच होत्या.

त्या बाकाच्या टोकावर येऊन बसल्या. लाज वाटली, स्वतःचा राग आला, हसूही आलं, आणि मग नुसतंच रडू. आता कोणाला आणि काय तोंडाने सांगायचं? घरी जाऊन 'नीट झाली नाही मुलाखत' म्हणावं, विषय संपेल. त्या उठल्यासुद्धा. आणि उठता उठता त्यांना दवाखान्यातल्या बाकाची टोकं आठवली. तिथे रोज कोणी ना कोणी असंच बसलेलं असायचं. खिडकीशी यायचं नाही, काही विचारायचं नाही, संध्याकाळ झाली की उठून निघून जायचं. ताईंना इतकी वर्षं वाटायचं, कोणाच्या तरी सोबतीला आलेले असतील.

ताई पळत सुटल्या. त्या वयात, ठेवणीतल्या चपला घालून, जिन्यावरून. अंगणात प्राध्यापिका बाई गाडीत बसून निघायच्या बेतात होत्या. काच थोडी खाली होती. ताई त्या फटीशी वाकल्या, अगदी कपाळ टेकेस्तोवर. जन्मभर लोक कसे उभे राहत होते ते त्यांच्या कमरेला तेव्हा कळलं.

"मॅडम, एक राहिलंय."

"कोण?"

"मी."

बाई दार उघडून खाली उतरल्या आणि निघालेल्या दोघा सहकाऱ्यांना हाक मारली. खोलीला कुलूप लागलं होतं, म्हणून मुलाखत पायऱ्यांवरच झाली.

त्यांतले एक किडकिडीत सर रोखठोक होते. "तुम्ही दुपारभर स्वतःला विसरलात. लोक याला गुण म्हणतात. आमच्या कामात हा धोका आहे. अशी माणसं फार लवकर संपतात."

"घरीही हेच म्हणतात," ताई म्हणाल्या. "माझ्या पायाखाली ब्रेक नाही म्हणून."

"मग?"

"खरं आहे ते. तेच शिकायला आलेय."

प्राध्यापिका बाईंनी विचारलं, "काम कुठे करायला आवडेल?"

पाठ केलेलं उत्तर ताईंना आठवेना. "अर्जात दवाखाना लिहिलाय," त्या म्हणाल्या. "पण मला बाकाच्या टोकाला जायचंय. जे खिडकीपर्यंत येतच नाहीत त्यांच्याजवळ. मला ते कधी दिसलेच नाहीत हो. आज मी तिथे बसले आणि घरी निघालेही होते." सरांनी मान डोलावली नाही, पण वहीत काहीतरी लिहिलं.

प्रवेश मिळाला. बातमी ऐकताना टेबलाखाली नवरोबांचा उजवा पाय मुळीच हलला नाही, असं मुलगी शपथेवर सांगते.

यंत्र आलं. त्याच्यापुढे कोणाला वाकावं लागत नव्हतं, आणि रस्ता ते बरोबर सांगायचं. ताईंनी उगाच त्याला नावं ठेवली नाहीत. संध्याकाळी वर्ग आणि दिवसभर टोकाच्या खोलीत काम, असं सुरू झालं. एका दुपारी झाडाची सावली रिकाम्या काचेवर हलत होती. खोलीकडे जाताना ताईंना बाकाच्या टोकावर एक बाई दिसली, पिशवी छातीशी धरून बसलेली. ताईंच्या ओठांवर 'सरळ जा' आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"नंबर घेतलात का?"

"नाही," बाई गडबडीने म्हणाली. "माझं तसं काही विशेष नाही. बसलेय आपली."

"बसा की. मीही बसते जरा," असं म्हणून ताई तिच्या शेजारी टेकल्या, किंचित तिरप्या, म्हणजे तिला वाटलं तर बाहेर झाडाकडे बघता यावं.

दोघी पुष्कळ वेळ झाडाकडे बघत राहिल्या. मग बाईने पिशवी खाली ठेवली आणि ती बोलायला लागली.