सरांची ढाल आणि माझा गुडघा

चाळिशी लागायच्या आधीच माझा उजवा गुडघा कुरकुरायला लागला, आणि जव्हारात हाडांचे फुकट डॉक्टर किती आहेत ते मला कळलं. मी सरकारी कचेरीत कारकून. जिना चढताना जरा थांबले की कोणी ना कोणी हजर. आमचे साहेब म्हणाले, "भात सोडा, मॅडम." हे सांगताना त्यांच्या स्वतःच्या डब्यात भाताचा डोंगर होता. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी कसलंसं हिरवं तेल आणून दिलं. गुडघा होता तसाच राहिला, फक्त कपड्यांना वास लागला. औषधांबद्दल मतं वेगवेगळी असली, तरी एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. चूक माझी. खुर्चीवर बसून बसून मी सुस्तावले, म्हणून गुडघा गेला.

शेवटी नाशिकला गेले. डॉक्टरीण माझ्याहून लहान होती. एक्स-रे बघून म्हणाली, "तुमच्या वयाच्या मानानं झीज फार लवकर झालीय. वजन थोडं उतरवावं लागेल. उकिडवं बसून कामं, डोक्यावर ओझी, असं काही केलंय का?"

मोखाड्याकडच्या पाड्यावर वाढलेल्या बाईला हा प्रश्न! मला हसूच आलं. भाताची आवणी, नाचणीची लावणी, हंडे घेऊन चढण चढणं, याला आमच्याकडे कोणी काम म्हणूनसुद्धा मोजत नाही.

"पण मग डावा गुडघा इतका बरा कसा?" ती म्हणाली. "उजव्याला कधी मार लागला होता?"

"नाही," मी म्हटलं. आणि मग आठवलं. लागला होता.

आश्रमशाळेत मी कबड्डी खेळायचे. तालुक्याच्या स्पर्धेत चढाईला गेले असताना पकडीत पाय अडकला. अंग एकीकडे गेलं, गुडघा दुसरीकडे. आत काहीतरी कट्कन वाजलं. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाई म्हणाल्या, "हिला दवाखान्यात न्या." तेवढ्यात खेळाचे सर आले. त्यांनी कापडी पट्टा कचकचून आवळला आणि म्हणाले, "उद्या अंतिम सामना आहे. डोंगरातल्या पोरी तुम्ही, एवढ्यानं काय होतंय!"

सरांच्या मते आम्ही बहुधा सागाच्या लाकडाच्या होतो. मी खेळले. सरांना नाही म्हणता येतं, हे आम्हाला त्या शाळेत कोणी शिकवलंच नव्हतं. आम्ही जिंकलो. ढाल सरांनी उचलली, फोटो सरांचा निघाला, आणि मी मैत्रिणीच्या गळ्यात हात टाकून लंगडी घालत टेम्पोपर्यंत गेले. दवाखाना राहूनच गेला. पुढे सूज उतरली, लंगडणं थांबलं. बरं झालं असं सगळे धरून चालले, मीही.

"तेव्हा आतलं काहीतरी फाटलं असणार," डॉक्टरीण म्हणाली. "असा मार नीट बरा होऊ दिला नाही, की पुढे झीज लवकर सुरू होते. त्यात तुमची बाकीची कामं."

त्याच वर्षी हिवाळ्यात कचेरीला हुकूम आला. आरोग्यासाठी शिरपामाळपर्यंत चालत जायचं, सगळ्यांनी. माळावर मंडप होता, खुर्च्या होत्या, आणि पाहुणे म्हणून गाडीतून उतरले ते आमचे खेळाचे सर. निवृत्त झालेले, डोक्यावर पांढरी टोपी, पायात कोरे बूट. माइक हातात आल्यावर सुटलेच. "हल्लीच्या बायकांचे गुडघे चाळिशीत जातात. का? आळस! माझ्या आश्रमशाळेतल्या पोरी बघा. एक तरी कधी रडली?"

टाळ्या पडल्या. आमच्या साहेबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. भाषण संपल्यावर मी लंगडत सरांपुढे जाऊन उभी राहिले.

"ओळखलंत, सर? सुजलेल्या गुडघ्यानं अंतिम सामना खेळले होते मी."

त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा! काय सामना होता तो! जिंकलो आपण!"

"तुम्ही जिंकलात. माझा गुडघा तिथंच गेला. मघाशी तुम्ही आळस म्हणालात ना, तो हा."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. "अगं, तेव्हा कुणाला काय कळत होतं?"

"अधीक्षिकाबाई दवाखान्यात न्या म्हणाल्या होत्या. तुमच्यासमोर."

आता तरी ते माफी मागतील असं मला वाटलं, हा माझाच भाबडेपणा. त्यांनी फोटोवाल्याला हाक मारली. "ये रे इकडे, माझी जुनी खेळाडू आहे!" मी वळले आणि चालायला लागले. त्या फोटोत सर एकटेच हसताहेत. कचेरीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो आला तेव्हा साहेबांनी त्याखाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलं.

गुडघा काही पहिल्यासारखा होणार नाही, हे डॉक्टरणीनं स्वच्छ सांगितलंय. मांडीचे स्नायू बळकट व्हावेत म्हणून ती म्हणाली तो व्यायाम करते. वजन थोडं उतरलंय, ठणका कमी आहे. उकिडवं बसणं सोडलं आणि घरात कमोड बसवून घेतला. सासूबाईंनी महिनाभर नाक मुरडलं, "साहेबाची खुर्ची" म्हणून गल्लीभर सांगितलं. आता सकाळी त्या आत गेल्या की लवकर बाहेर येत नाहीत, आणि मी कचेरीची पिशवी खांद्याला लावून दाराबाहेर ताटकळत असते.