स्टुडिओत अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला माणूस. आमच्या मालवणात दर तिसऱ्या घरात कुणीतरी काहीतरी बघितलेलं असतं, आणि ते सांगायला बसलं की मी चपला घालून बाहेर पडणाऱ्यांतला. ह्या ग्रुपवरसुद्धा वर्षभर नुसता वाचतोय. खरं सांगायचं तर निम्म्या अनुभवांना मनातल्या मनात हसलोय. आज स्वतःचा लिहायला बसलोय... तेव्हा तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

२००८ सालचा मे महिना. कुडाळला एका संस्थेनं चालवलेलं छोटं रेडिओ केंद्र होतं, दोन खोल्यांचं. एका खोलीत दोन माइक आणि भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, म्हणजे आवाज घुमू नये. काचेपलीकडच्या दुसऱ्या खोलीत कॉम्प्युटर, मिक्सर आणि आमची शुभदा. ती ऑपरेटर, मी निवेदक. रेंज मालवणपर्यंत, आणि आमच्या साहेबांच्या मते हवा चांगली असली तर बांद्यापर्यंत. साहेबांचं मत सोडून द्या.

रोज सकाळी अकरा ते साडेअकरा आमचा लाइव्ह कार्यक्रम असायचा — ‘येवा, बसा’. रोज एक पाहुणा आणि मोकळ्या गप्पा. पिंगुळीचे कळसूत्री बाहुल्यावाले येऊन गेले, माडावर चढणारे आले. एका मासळीवाल्या मावशीनं तर शिळी सुरमई कुठल्या हॉटेलात जाते ते नावासकट सांगून टाकलं होतं, आणि मला आठवडाभर त्या रस्त्यानं जायची चोरी झाली होती. नियम एकच. साडेअकराच्या ठोक्याला हवामान आणि मासळीचे दर. होडीवाले त्यासाठी थांबलेले असत, त्यामुळे पाहुणा कितीही रंगात आला तरी मी काचेतून शुभदाला हात करायचा, ती माइक बंद करून कार्यक्रमाची धून लावायची.

त्या दिवशीचे पाहुणे होते सखाराम आबा. वय ऐंशीच्या आसपास, आमच्याच गावचे, देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो — गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्यानं केलेलं मागणं. मानकरी एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा!’ म्हणतात. त्याशिवाय ते वाक्य देवाकडे पोचत नाही असं म्हणतात. निदान आबा तसं म्हणायचे.

गप्पा मस्त झाल्या. अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी मला हुशारी सुचली. म्हटलं, “आबा, आमच्या श्रोत्यांसाठी एक नमुना होऊन जाऊ दे.”

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्याकडे देवळाची चावीच मागितली होती.

“नमुनो? गाऱ्हाण्याचो नमुनो नसता रे झिला. कोणासाठी मागूचा, काय मागूचा, ता सांग. मगे घालतंय.”

लाइव्ह कार्यक्रम. समोर घड्याळ. मी गप्प राहिलो तर सगळ्या जिल्ह्याला शांतता ऐकू जाणार. आणि माझ्या तोंडून निघून गेलं — “माझ्या भावासाठी. पाच वर्षं झाली, घर सोडून गेलाय. पत्ता नाही.”

हे मी तोवर ऑफिसातही कुणाला सांगितलेलं नव्हतं. नंदू माझा मोठा भाऊ, मी त्याला दादा म्हणतो. बाबांच्या होडीवर असायचा. एकदा नवं कोरं जाळं खडकात फाडून आला आणि बाबांनी जेटीवर चारचौघांत त्याच्या कानाखाली वाजवली. लोक हसले. मीही हसलो, खोटं का बोलू... दुसऱ्या दिवशी तो नव्हता. मागून बाबा वारले, तेही त्याला कळलं नाही. आई मात्र रोज दोन्ही वेळा त्याचं ताट काढायची आणि पुन्हा फडताळात ठेवायची. आम्ही त्यावर बोलणं सोडून दिलं होतं.

आबांनी डोळे मिटले, हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुझो लेकरू तुझ्या पायाकडे इलो हा...”

“व्हय म्हाराजा!” मी माइकवर म्हणालो. काचेपलीकडे शुभदाचेही ओठ हलले.

“तेचो भाव पाच वर्सां घर सोडून गेलो हा...”

“व्हय म्हाराजा!”

आबा सावकाश माणूस. एकेक देव, गावाची एकेक सीम म्हणजे हद्द आठवत चाललेले. घड्याळात साडेअकराला पंधरा सेकंद. मी शुभदाला हात केला.

“...तर जंय आसात थंय तेका सुखान ठेव रे म्हाराजा!”

ह्या वाक्याला मी काही म्हणालो नाही. माझं तोंड बंद होतं, डोळे काचेवर होते आणि हात हवेत. शुभदानं माइक बंद केले, धून सुरू झाली, लाल दिवा विझला. आबांचे डोळे मात्र मिटलेलेच.

“आणि तेका तेच्या आवशीच्या दारात हाडून उभो कर रे म्हाराजा!” त्याला आईच्या दारात आणून उभा कर, एवढं मागणं राहिलं होतं.

“आबा, झालं. वेळ संपला,” मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. “अरे, व्हय म्हण तरी!”

तेवढ्यात बाहेर फोन वाजला आणि मी उठलो. एवढंच घडलं. दोन शब्द म्हणायला किती वेळ लागतो? पण मी फोन घ्यायला गेलो.

फोन आईचा होता. माझ्या कार्यक्रमात ती कधीच फोन करायची नाही.

“रे, नंदू इलो हा? तुझ्या वांगडा बसलो हा?”

मला कळेना ही काय बोलतेय. “आई, कोण आलाय म्हणतेस?”

“माझो झील, आणि कोण! आत्ताच ‘व्हय म्हाराजा’ म्हटल्यान तो. सुखान ठेव म्हटल्यावर. रे, माझ्या झिलाचो आवाज माका कळना नाय?”

मी म्हटलं, स्टुडिओत मी आणि आबा सोडून कोणी नाही. तिनं फोन ठेवून दिला. म्हातारी हळवी झालीय असं मी स्वतःला सांगितलं. पण मागोमाग आणखी तीन फोन आले, वेगवेगळ्या गावांतून. कौतुकाचेच. त्यातल्या एकानं सहज विचारलं, “शेवटाक जोरात व्हय म्हटल्यान तो कोण? तुमचो आवाज नाय तो.”

शुभदानं रेकॉर्डिंग लावलं. आमच्याकडे रोजचा कार्यक्रम कॉम्प्युटरवर साठायचा. तीनदा ऐकलं. आबांचं ‘सुखान ठेव रे म्हाराजा’, आणि लगेच धून. मध्ये काहीही नाही.

इथपर्यंत ठीक होतं. माणसं ठरलेल्या जागी ठरलेला शब्द अपेक्षित धरतात, म्हणून त्यांना तो ऐकू येतो, असं मी शुभदाला चांगलं अर्धा तास समजावलं. ती म्हणाली, “मग मला का नाही आला?” मी रेकॉर्डिंग चौथ्यांदा लावलं.

पिंगुळीला आमचा एक भक्त होता. टेलर. कपडे शिवता शिवता रोज आमचा कार्यक्रम जुन्या टेपरेकॉर्डरवर कॅसेटमध्ये भरून ठेवायचा. तिसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो. त्यानं मशीन थांबवलं, कॅसेट लावली.

‘...थंय तेका सुखान ठेव रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

धून त्याच्यानंतर. आवाज तरुण आणि थोडा बसलेला. चार दिवस समुद्रावर आरडाओरडा करून आल्यावर दादाचा बसायचा तसा. मी टेलरच्या स्टुलावर बसलो. त्यानं मला पाणी दिलं आणि विचारलं, “बरा वाटता मां?” नव्हतंच वाटत.

कॅसेट घेऊन आलो. शुभदानंही ऐकली. ओळखीच्या एका इंजिनीअरला ऐकवली, तो म्हणाला, दुसऱ्या कुठल्या तरी स्टेशनचा आवाज मिसळला असेल, म्हणून तुमच्या कॉम्प्युटरवर नाही. पटण्यासारखं आहे. फक्त त्या सेकंदाला कुठल्या स्टेशनवर कोण ‘व्हय म्हाराजा’ ओरडत होतं, ते त्यालाही सांगता येईना.

आईला मी कॅसेटचं सांगितलं. तिनं ऐकायला नकार दिला. “मी आयकलंय एकदा. तो बरो आसा. झाला.” आणि त्या दिवसापासून तिनं ताट काढणं बंद केलं. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, का ते सांगता येत नाही.

पुढच्या वर्षी मासळीचा ट्रक चालवणारा बांद्याचा एक माणूस घरी आला. कारवारच्या पुढच्या एका बंदरात त्यानं नंदूला बघितलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी निघालो.

दादा तिथे बोटींची इंजिनं दुरुस्त करत होता. अंगानं भरलेला, हसरा. मला बघून त्यानं हातातला पाना टाकला आणि मिठी मारली. बाबांचं सांगितलं तेव्हा लहान मुलासारखा रडला. मग स्वतःच म्हणाला, “चल, आवशीक भेटाक जावया.” पिशवी भरली. आम्ही स्टँडवर आलो. गाडी लागली, मी चढलो, मागे वळून बघतो तर हा खालीच उभा.

“बाबू, तू जा. माका जमणा नाय.”

“अरे, का पण? राग आहे अजून?”

“राग नाय रे. कसलोच नाय. हय मी एकदम बरो आसंय.” मग म्हणाला, “याच्या आधी दोनदा निघालंय मी. एकदा मडगावपर्यंत इल्लंय. थंयसून परत गेलंय. कित्या, माकाच ठावक नाय.”

तो मला उडवून लावत नव्हता. आम्ही दोघं एका अंथरुणात वाढलोय, दादाचं खोटं मला कळतं. हा खरंच गोंधळलेला होता. गाडी सुटता सुटता मी खिडकीतून ओरडून विचारलं, “गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, सकाळी साडेअकराला...” आणि पुढे काय विचारायचं तेच मला सुचेना. त्यानं हात हलवला.

आता दर रविवारी त्याचा फोन येतो. आई बोलते, हसते. मी तिला म्हटलं, चल, मी तुला घेऊन जातो. ती म्हणते, “तो आपणहून गेलो, आपणहून येवचो. दार हय आसा.” दोघंही एकेका जागी घट्ट. आणि आईची तब्येत आता पूर्वीसारखी नाही, जिना चढली की दम लागतो.

मी आबांकडे जाऊन आलो. त्यांनी देवळात नारळ ठेवून पुन्हा रीतसर गाऱ्हाणं घातलं, ‘दारात हाडून उभो कर’सकट. दहा माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली, मी सगळ्यांत मोठ्यानं. त्यालाही आता वर्ष होत आलं. आबांना विचारलं, चुकलं का काही? ते म्हणाले, “माका काय ठावक? मी मागतंय. ह्या नवा, ता वेगळा. ता अर्धा रवला ता रवला.” मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

तुमच्यातले काही जण म्हणतील, भाऊ तिकडे रमलाय, बाकी सगळे तुझ्या मनाचे खेळ. मीही रोज स्वतःला हेच सांगतो आणि अर्धा दिवस पटतंही. मग ती कॅसेट? मग त्याचं मडगावहून मागे फिरणं? जे वाक्य रेडिओवर गेलं त्याला कुणीतरी होकार दिला, आणि ते खरं झालं. जे गेलं नाही, त्याला होकार देण्याइतका जवळ एकच माणूस बसला होता...

ह्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, शास्त्रीय असलं तर फारच बरं. पण हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. परवाच्या रविवारी दादाचा फोन ठेवल्यावर आई बराच वेळ पदराशी चाळा करत बसली होती. मग मला म्हणाली,

“रे, आबान त्या दिवशी सुखान ठेव इतक्याच म्हटल्यान? घराक हाड म्हणाक नाय?”

मी म्हटलं, “म्हातारो माणूस, आई. इसारलो आसतलो.”