छत तपासायला येणार म्हणून

घरी कोणी येणार म्हटलं की मी आधी झाडू हातात घेते. ही खोड माझ्या आईची. त्यामुळे छत तपासायला इंजिनीअर येणार असं कळल्यावर मी काय केलं? छत, म्हणजे वरची गच्ची, धुतलं. घासून घासून धुतलं. तेवढ्यावर थांबले असते तर बरं, पण पावसाळ्यात बैठकीच्या वर जो पिवळा डाग पडला होता, त्याला स्टुलावर चढून पांढरा रंगही फासला. परक्या माणसाला घरातला डाग दाखवायचा म्हणजे काय!

आणि कुंड्या लपवल्या. खरी गोष्ट तीच आहे.

आमचे हे इथे जबलपूरच्या एका कारखान्यात माल तपासणीत होते. जन्मभर एकच काम, ठोकून पाहायचं आणि पास नाहीतर रिजेक्ट म्हणायचं. माणूस रिटायर झाला, सवय नाही झाली. घरात पोळी पास, भाजी रिजेक्ट, माझी बहीण तर लग्नाच्या दिवसापासून रिजेक्ट. तो डाग पाहून ह्यांनी उभ्या उभ्या निकाल दिला, "तुझ्या कुंड्यांचं पाणी मुरून राहिलं वं. काढून टाक सगळ्या."

काढून टाक! किती सहज म्हणाले. त्या कुंड्यांमध्ये माझी अंबाडी आहे, जी जबलपूरच्या बाजारात शोधून सापडत नाही. सांबार, म्हणजे कोथिंबीर आहे, मिरच्या आहेत, काटेरी वांगी आहेत. पण खरं सांगू? भाजीचं एवढं काही नाही. छत ही घरातली एकच जागा आहे जिथे मला कोणी चहा मागत नाही. सकाळी मी वर गेले की खालून कितीही हाका मारा, मला ऐकू येत नाहीत. कुंड्या गेल्या तर मी वर जाऊ कशाला, आणि काय सांगून जाऊ?

म्हणून मी भांडले. म्हटलं, "कारखान्यात माल न ठोकताच रिजेक्ट करत होते काय?" हे मात्र लागलं ह्यांना. मग ठरलं, इंजिनीअर बोलवायचा आणि तो म्हणेल ते दोघांनी ऐकायचं. कुंड्यांचा दोष निघाला तर मीच काढीन, असं मी बोलून बसले. बोलले खरी, पण कुंड्या काढायची तयारी कुठे होती? मग आदल्या दिवशी सगळ्या कुंड्या कठड्यावरून शेजारच्या भाभींच्या छतावर दिल्या. दिसल्याच नाहीत तर दोष कोणाला देणार?

इंजिनीअर म्हणून आली ती एक मुलगी. "मराठी समझती हूँ आंटी, बोलता नाही येत," म्हणाली. चहालाही थांबली नाही, आधी वर गेली आणि हसायलाच लागली. धुतलेल्या छतावर कुंड्यांचे गोल गोल डाग चांगले उठून दिसत होते. "आंटी, गमले कहाँ गए?" मी तोंड उघडायच्या आत भाभी पलीकडून ओरडल्या, "इधर हैं बेटा, सँभाल के रखे हैं!" वा गं शेजारीण!

मुलगी खाली आली, बैठकीच्या वरच्या ताज्या रंगाला एक छोटं यंत्र लावलं, तर ओलीचा आकडा सरसर चढला. "रंग से पानी नहीं रुकता आंटी, बस मेरा काम बढ़ता है." तर बायांनो, माझ्यापासून एवढं शिका. छत तपासायला कोणी येणार असेल तर धुऊ नका, रंगवू नका, काही झाकू नका. डॉक्टरकडे जाताना आपण आजार घरी ठेवून जातो काय?

मग ती पुन्हा वर गेली. हातोडीने ठोकत, आवाज ऐकत फिरली. कठड्याची सांध पाहिली, टाकीखाली वाकली. हे तिच्या मागे मागे, माहेरचं माणूस भेटल्यासारखे खूश. शेवटी ती म्हणाली, पाणी भरून पाहू. डाग नेमका छताच्या मधोमध होता, म्हणून तिने मधून सिमेंटची पाळ घालून घेतली आणि छताचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपात चिंध्या कोंबायला लावल्या. आज कुंड्यांच्या बाजूला पाणी, उद्या दुसऱ्या बाजूला.

हे खाली बैठकीत दिवाणावर उताणे झाले, हातात टॉर्च, नजर वर. मला धड भाजी चिरता येईना. पण कुंड्यांच्या बाजूने थेंब नाही आला. दुसऱ्या दिवशी पलीकडे पाणी भरलं. दुपारी ह्यांचा आवाज आला, "अवं, टपकलं."

वर जाऊन पाहिलं तर त्या जागी आमच्या पंचशील झेंड्याचा दांडा. चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्तीत घरोघरी छतावर झेंडा लागतो. कोणी कठड्याला बांधतं, कोणी विटांमध्ये उभा करतं. ह्यांना झेंडा तसूभरही कललेला चालत नाही. म्हणून ह्यांनी स्वतः स्लॅबला भोक पाडून, ओळंबा लावून लोखंडी दांडा बसवला होता. दांडा आजही सरळ उभा होता आणि पाणी त्याच्या बुडातून सरळ बैठकीत उतरत होतं.

मी किती काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं! पण ह्यांचं तोंड पाहिलं आणि सगळं विसरले. दांड्याच्या बुडाला बोट लावून हे स्वतःच हळूच म्हणाले, "रिजेक्ट." मुलगी म्हणाली, भोक नीट बुजवा, दांडा कठड्याला बाहेरून पट्टी मारून लावा. कुंड्या राहू द्या, फक्त विटांवर ठेवा, खालून पाण्याला वाट पाहिजे.

काम झाल्यावर कुंड्या ह्यांनीच परत आणल्या. दोरी धरून विटा एका रेषेत मांडल्या, मला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंबाडी खुडत होते तर जिन्यावर पावलं वाजली. झालं, म्हटलं, आता इथेही चहा मागायला आले.

हे वर आले, हातात दोन कप. एक माझ्यापुढे धरला आणि उलट्या बादलीवर बसले. मी घोट घेतला. साखर फार झाली होती, आलं टाकायचं राहूनच गेलं होतं.

"काहून वं, कसा झाला?"

"पास," मी म्हटलं.