माझ्या चाकामागचे गृहस्थ

दिल्लीत आमच्या पन्नाशीपुढच्यांची सायकल शर्यत तीन दिवस चालते. रोज त्याच छोट्या रस्त्याला फेऱ्या मारायच्या, शेवटी सगळे गुण एकत्र. सरकारी कचेरीतले हे गृहस्थ दरवर्षी माझ्या मागच्या चाकाला चिकटतात. वारा मी अंगावर घ्यायचा, यांनी माझ्या आडोशाला दम राखायचा आणि शेवटच्या रेषेपाशी पुढे जायचं. पहाडगंजात घासाघीस करून दुकान उभं केलं मी, पण यांच्याशी सौदा जमत नाही.

"अहो, निम्म्या फेऱ्या तुम्ही पुढे राहा," मी ओरडतो.

"बिल्कुल शेठ, पुढच्या फेरीला."

यंदा शेवटच्या दिवशी आम्ही दोघेच बरोबरीत पहिले होतो. मध्येच माझी चेन पडली. ती बसवेपर्यंत घोळका वळणापलीकडे गेला. पाहतो तर हे एकटेच रेंगाळत होते.

"बसा मागे," म्हणाले, आणि वारा अंगावर घेत त्यांनी मला घोळक्यात नेऊन सोडलं. मग पुन्हा माझ्या मागे गेले आणि रेषेवर अर्ध्या चाकाने जिंकले.

"मग थांबलात कशाला?" मी तडकलो.

"तुमच्याशिवाय कंटाळा येतो, शेठ."

पुढच्या वर्षासाठी मी तिथेच नाव नोंदवलं. यांचंही, न विचारता.